घर वाढवायच्या आधी जुनी भिंत वाचा : ‘निवारा’ या घटकासाठी एक पूरक पाठ

परिसर अभ्यासात ‘निवारा’ शिकवताना आपण फळ्यावर दोन रकाने आखतो. एक कच्चं घर, दुसरं पक्कं घर. माती, कूड, गवताचं छप्पर पहिल्या रकान्यात. दगड, विटा, सिमेंट दुसऱ्या रकान्यात. मुलं पटापट उत्तरं देतात, आपण बरोबरची खूण करून पुढं जातो. पण लातूर-नांदेडकडच्या गावात एखाद्या मुलानं विचारलं की, “आमचं माळवदाचं घर कुठं लिहू?” तर काय सांगायचं? दोन-अडीच फूट जाडीची दगडी भिंत बघितली की कुणीही पक्कं म्हणेल. आणि १९९३ साली सगळ्यात जास्त माणसं अशाच भिंतींखाली गेली.

हा पाठ मी मुद्दाम घर वाढवण्याच्या अंगानं मांडते आहे. दिवाळीनंतर आणि उन्हाळ्यात आपल्याकडं बांधकामं निघतात. कुणाला मुलाच्या लग्नाआधी एक खोली हवी असते, कुणाला घरातच संडास-बाथरूम हवं असतं. लातूर आणि नांदेड शहरात तर शिकायला येणाऱ्या मुलांना खोल्या भाड्यानं देता याव्यात म्हणून कितीतरी घरांवर मजले चढले. मोबाईलवर डिझाइनचे व्हिडिओ बघून घरातली सगळी मंडळी बोलायला लागतात: ओपन किचन, मोठ्या काचेच्या खिडक्या, पीओपीचं सीलिंग, समोर एलिव्हेशन. यात वाईट काही नाही. हौस असावीच. फक्त हे सगळं ज्या जुन्या भिंतीला टेकणार आहे, ती भिंत आतून कशी आहे हे त्या व्हिडिओत नसतं. ते आपल्यालाच बघावं लागतं.

आधी किल्लारीकडं जाऊ.

३० सप्टेंबर १९९३. पहाटे चारला काही मिनिटं कमी होती. आदल्या रात्री गणपती विसर्जन होऊन लोक झोपले होते. औसा तालुक्यातलं किल्लारी आणि तेव्हाच्या उमरगा तालुक्यातलं सास्तूर या भागात ६.२ तीव्रतेचा भूकंप झाला. मृतांचे आकडे आठ हजारांपासून दहा हजारांपर्यंत दिले जातात. जगात याहून कितीतरी मोठे भूकंप होतात आणि त्यात इतकी माणसं जात नाहीत. मग इथं का गेली? पहाटेची वेळ हे एक कारण, आणि भूकंपाचं केंद्र जमिनीत फार खोल नव्हतं हे दुसरं. पण सगळ्यात मोठं कारण घर हेच होतं. त्या वेळच्या भूकंप नकाशात हा भाग सगळ्यात कमी धोक्याच्या, म्हणजे पहिल्या क्षेत्रात होता. घर बांधताना कुणाच्या मनात भूकंप हा शब्द यायचंच कारण नव्हतं. २००२ च्या सुधारित नकाशात पहिलं क्षेत्र रद्दच झालं आणि किल्लारी परिसर तिसऱ्या क्षेत्रात गेला.

आता ते घर कसं होतं ते बघू, कारण मुलांना शिकवायचं ते हेच आहे.

माळवद म्हणजे लाकडी तुळया, त्यावर आडव्या कड्या, त्यावर फळ्या किंवा काटक्या, आणि त्यावर मातीचा थर. ही माती बहुतेक वेळा गावठाणातली पांढरी, पाणी कमी झिरपू देणारी. उन्हाळ्यात ४२-४३ अंशांत आतली खोली गार ठेवणारं असं छप्पर आपल्या वाडवडलांनी शोधलं, त्याचं कौतुक करावं तेवढं थोडं. पण माळवद गळतं. गळलं की पावसाळ्याच्या तोंडावर वर आणखी माती टाकायची, चोपायची. पुढच्या वर्षी पुन्हा. आजोबांच्या काळात वीतभर असलेला थर नातवाच्या काळात दीड-दोन फुटांवर जातो. म्हणजे बघा, दरवर्षीच्या दुरुस्तीनंच घर जड होत गेलं. कुणी चूक केली असं नाही, प्रत्येकानं आपल्या वर्षापुरतं शहाणपणाचंच काम केलं होतं.

हे गणित सहावी-सातवीच्या मुलांकडून करून घ्या. १० बाय १२ फुटांची खोली, वर २ फूट माती. १० × १२ × २ = २४० घनफूट. एक घनमीटर म्हणजे सुमारे ३५.३ घनफूट, म्हणून ही माती साधारण ६.८ घनमीटर. एका घनमीटर मातीचं वजन १६०० किलो धरलं तर जवळजवळ ११ टन! झोपलेल्या माणसांच्या डोक्यावर एक भरलेला ट्रक. आता हाच थर ८ इंचांवर आणला तर? ८० घनफूट, म्हणजे साधारण ३.६ टन. शेवटी ५ इंच जाडीच्या सिमेंटच्या स्लॅबचं काढा: ५० घनफूट, घनमीटरला २५०० किलो, म्हणजे साडेतीन टन. मुलांना इथं धक्का बसतो. ८ इंचांचं माळवद आणि ५ इंचांचा स्लॅब जवळपास सारख्या वजनाचे निघतात. ‘माती वाईट, सिमेंट चांगलं’ हा समज या एका गणितानं हलतो.

भिंतीचं दुखणं वेगळं. बाहेरून एकसंध दिसणारी ती जाड भिंत खरं म्हणजे दोन भिंती असतात. बाहेरच्या अंगाला नीट घडवलेल्या दगडांची एक, आतल्या अंगाला दुसरी, आणि मधल्या पोकळीत दगडाच्या चिपा आणि मातीची भर. दगड मातीतच रचलेले. दोन्ही अंगांना एकत्र बांधून ठेवणारा, भिंतीच्या या बाजूपासून त्या बाजूपर्यंत जाणारा आरपार दगड फारसा कुठं नसतो. हादरा बसला की दोन भिंती एकमेकींपासून सुटतात, मधली भर खाली बसते आणि त्यांना आणखी बाहेर ढकलते. मग वरचं ओझं खाली येतं. भिंत जाड असल्यामुळं टिकत नाही. दगड एकमेकांना धरून असतील तर टिकते.

वर्गात हे दाखवायला वीस मिनिटं आणि रिकाम्या काड्यापेट्या पुरतात. एका पुठ्ठ्यावर काड्यापेट्यांच्या दोन भिंती बोटभर अंतर ठेवून समोरासमोर रचा, मधल्या फटीत ज्वारी भरा. वर एक वही ठेवा आणि पुठ्ठा हळूहळू मागं-पुढं हलवा. काय होतं ते मुलांना लिहू द्या. मग तीच भिंत पुन्हा रचा, पण दर दोन थरांनंतर आईस्क्रीमच्या काड्या आडव्या टाका, दोन्ही भिंतींवर टेकतील अशा. पुन्हा हलवा. दुसऱ्या वेळी हलवायला जास्त जोर लागतो हे मुलांच्या हाताला कळतं, आणि ‘आरपार दगड’ हा शब्द समजावून सांगायची गरज उरत नाही. भारतीय मानक संस्थेनं १९९३ मध्येच कमी ताकदीच्या दगड-विटांच्या बांधकामासाठी मानक काढलं. त्यात साधारण दर दोन फूट उंचीला आणि आडवं दर चार फुटांच्या आत एक आरपार दगड सांगितला आहे. दगडी भिंतीची जाडी दीड फुटापेक्षा जास्त नको असंही त्यात आहे. आपल्याकडच्या अडीच फुटी भिंतीच्या अभिमानाला हे जरा टोचतं.

तरीही सगळीच जुनी घरं सारखी पडली नाहीत. काही घरांत माळवद भिंतीवर नाही, लाकडी खांबांवर पेललेलं होतं. आपल्याकडं घर ‘खणां’त मोजतात, पाच खणी, सात खणी, ते याच खांबांवरून. अशा बऱ्याच घरांत भिंती बाहेर कोसळल्या आणि खांब-तुळयांचा सांगाडा छप्परासह उभा राहिला. म्हणून जुन्या घराचं नूतनीकरण करताना ‘हे खांब मधे मधे येतात, काढून टाकू, हॉल मोठा दिसेल’ असं कुणी म्हटलं तर हात जोडून थांबवा. त्या घरात सगळ्यात भरवशाची गोष्ट तेवढीच आहे. खांब ठेवा, घासून तेल लावा, शहरातले लोक पैसे मोजून तसला लूक आणतात! फक्त खांब आणि तुळई जिथं भेटतात तिथं तिरकी लाकडी किंवा लोखंडी टेकण ठोकून घ्या.

भूकंपानंतर काय झालं हेही आपल्या विषयासाठी महत्त्वाचं आहे. जागतिक बँकेच्या मदतीनं राज्य शासनानं मोठा पुनर्वसन कार्यक्रम घेतला. पूर्ण उद्ध्वस्त झालेली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. घराचं क्षेत्रफळ जमीनधारणेवर ठरलं: भूमिहीन आणि लहान शेतकऱ्यांना २५० चौरस फूट, मधल्यांना ४००, मोठ्या जमीनदारांना ७५०. रुंद सरळ रस्ते, ओळीनं घरं. जुन्या गावातल्या ढाळजा, चौक, एकमेकांना चिकटलेल्या भिंती, बोळ, सगळं गेलं. २५० चौरस फुटांत शेतकऱ्याचं घर मावत नाही. ज्वारीची पोती, औजारं, शेळ्या, चूल, पाहुणे कुठं जाणार? त्यामुळं गेल्या तीस वर्षांत ही घरं माणसांनी आपापल्या परीनं वाढवली. पुढं पत्र्याची ओसरी, मागं चुलीसाठी आडोसा, बाजूला गोठा, मग लेकाचं लग्न झालं की एक खोली. त्या भागात कधी गेलात तर एकसारख्या सरकारी घरांमधून एकेका कुटुंबाची गरज कशी बाहेर आली आहे ते बघा. घराचा विस्तार म्हणजे काय हे शिकायला त्याहून चांगली जागा जवळपास नाही.

याच कार्यक्रमाचा दुसरा भाग कमी बोलला जातो, आणि मला तो जास्त मोलाचा वाटतो. जी घरं पडली नव्हती, तडकली होती, त्यांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण. पावणेदोन लाखांहून जास्त घरं या भागात येत होती. माळवदावरची जादा माती उतरवायची. भिंतीला भोकं पाडून त्यात सळई आणि काँक्रीट भरायचं, म्हणजे नंतर बसवलेला आरपार दगडच. दारं-खिडक्यांच्या वर सगळ्या भिंतींभोवती जाळी आणि सिमेंटचा पट्टा फिरवायचा, कमरेला करगोटा बांधतात तसा. रुरकीचे प्रा. आनंद आर्य यांच्यासारख्या भूकंप अभियंत्यांनी याची मार्गदर्शक पद्धत घालून दिली. ती घरोघरी पोहोचवायला गावातल्याच बायका ‘संवाद सहाय्यक’ म्हणून नेमल्या गेल्या. स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेकडं हे लोकसहभागाचं काम होतं आणि ते हजाराहून अधिक गावांत चाललं. कमी शिकलेल्या बायका भिंतीचा पट्टा, सिमेंटचं प्रमाण, पाणी मारणं यावर गवंड्याशी वाद घालायला शिकल्या. पालक सभेत हे नक्की सांगावं असं आहे.

पण लोकांचा दगडावरचा विश्वास उडाला होता. बहुतेकांना दुरुस्ती नको होती, दगड पाडून सिमेंटचं नवं हवं होतं. त्यांच्या मनाची अवस्था समजण्यासारखी आहे. त्यामुळं एक समज मात्र पक्का बसला, की सिमेंट दिसलं म्हणजे सुरक्षित. आजच्या घरवाढीतल्या बऱ्याच चुका या समजातून येतात.

सगळ्यात घातक चूक अशी: माळवद काढायचं आणि मातीत रचलेल्या त्याच जुन्या भिंतींवर थेट स्लॅब टाकायचा. वजन आपण वर काढलंच आहे, ते फार वाढलेलं नसतं. पण स्लॅब एकसंध आणि ताठ असतो, खालची भिंत सुटी असते, आणि दोघांना बांधणारं काही नसतं. खालच्या भिंतीला सिमेंटचा गिलावा आणि रंग केला की नवीकोरी दिसते. जुन्या भिंतीला पोट सुटलं आहे का, म्हणजे मधेच बाहेर फुगली आहे का, हे गिलावा करायच्या आधी बघावं लागतं. ओळंबा लावला की दोन मिनिटांत कळतं. फुगवटा म्हणजे आतले दोन पदर सुटायला लागले आहेत.

मग वाढवायचं कसं? माझं मत सांगते, आणि पुढचं काम स्थापत्य अभियंत्याला दाखवूनच करा. नवी खोली जुन्या भिंतीला टेकवू नका. तिचे स्वतःचे कॉलम, स्वतःचा पाया, स्वतःचं छप्पर असू द्या, आणि जुनं-नवं यांच्यामधे निदान एक इंचाची फट ठेवा. वर पत्र्याची पट्टी झाकली की पाऊस आत येत नाही. हादऱ्यात दोन्ही घरं वेगवेगळी हलतात, फट नसेल तर एकमेकांना धडकतात. भूकंप सोडून द्या, आपल्या काळ्या मातीसाठीही ही फट लागतेच. काळी माती पावसात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते. जुनं घर गावठाणातल्या पांढरीवर पन्नास वर्षं बसून स्थिर झालेलं असतं, नवी खोली पहिल्या दोन-तीन पावसाळ्यांत थोडी खाली-वर होणार. दोन्ही जोडून बांधली की बरोबर सांध्यावर तिरकी भेग पडते, आणि दोष गवंड्याला दिला जातो. पाया काळ्या मातीत अर्ध्यावर सोडू नका, मुरूम लागेपर्यंत न्या. जुन्या भिंतीलगत एकदम लांबच्या लांब चर खणू नका. तुकड्या-तुकड्यानं खणा आणि भरा.

मजला चढवणाऱ्यांसाठी एकच प्रश्न: पाया किती मजल्यांसाठी काढला होता? आपल्याकडं गच्चीवर पुढच्या मजल्यासाठी कॉलमच्या सळया सोडून ठेवतात. सळया दिसतात म्हणून खाली ताकद आहे असं नाही, आणि दहा वर्षं पावसात गंजलेल्या सळईला नवी सळई जोडणं म्हणजे फसवणूक. त्या खोल्यांत दुसऱ्यांची मुलं अभ्यास करून झोपणार आहेत. गावाकडून मुलाला खोलीवर ठेवणाऱ्या पालकांनीही मेसच्या जेवणाबरोबर हा प्रश्न विचारावा.

‘हे सगळं किल्लारीपुरतं, आमच्या नांदेडला कुठं भूकंप?’ असं म्हणणाऱ्यांनी २०२४ आठवावं. २१ मार्चच्या सकाळी सहाच्या सुमारास हिंगोली जिल्ह्यात केंद्र असलेला ४.५ तीव्रतेचा धक्का नांदेड-परभणीपर्यंत जाणवला. १० जुलैला सकाळी पुन्हा तेवढाच.

घर वाढवण्याचा विचार जगभर गंभीरपणे झाला आहे. इंदूरची अरण्य वसाहत हे आपल्या जवळचं उदाहरण. पुण्यात जन्मलेले वास्तुशिल्पी बाळकृष्ण दोशी यांनी १९८० च्या दशकात ती आखली. गरीब कुटुंबाला जोतं, नळ, संडास आणि एखादी खोली द्यायची, पुढचं घर कुटुंब ऐपतीप्रमाणं वाढवेल. दोशींना २०१८ मध्ये प्रित्झकर पुरस्कार मिळाला. चिलीमध्ये अलेहांद्रो अरावेना यांनी इकीके शहरात अर्धं घर बांधून दिलं. सांगाडा, स्वयंपाकघर, बाथरूम, जिना, म्हणजे कुटुंबाला स्वतः नीट जमणार नाही तेवढं आधी. उरलेली मोकळी जागा लोकांनी नंतर भरली. पण ती जागा भरली जाणार हे धरूनच सांगाडा उभा केला होता. घर बांधतानाच ‘पुढं कुठं वाढेल’ हे कागदावर आखून ठेवणं, एवढी गोष्ट आपण तिथून घेऊ शकतो. दोन खोल्यांचं बजेट असलं तरी नकाशा चारचा काढा.

उजेड आणि उष्मा यावर थोडं. जुन्या घरात अंधार असतो म्हणून मोठी खिडकी फोडायची घाई होते. दगडी भिंतीत कोपऱ्यापासून दोन फुटांच्या आत खिडकी नको, आणि वर लिंटेलशिवाय तर नकोच. त्यापेक्षा माळवदाला जे सवणं असतं, तेच थोडं नीट करून वर जाड काच बसवा. माजघरात वही वाचण्याइतका उजेड येतो. नव्या खोलीला पत्रा टाकणार असाल तर त्या खोलीत मुलांचा अभ्यास ठरवू नका. एप्रिल-मेच्या दुपारी तिथं बसवत नाही, आणि मग आपण म्हणतो मुलगा अभ्यासाला बसत नाही. पत्र्याखाली सीलिंग, वरून पांढरा चुना, समोरासमोर खिडक्या, एवढं केलं तरी बराच फरक पडतो.

आणि नव्या छपराला पन्हळ लावा. १ चौरस मीटरवर १ मिलिमीटर पाऊस म्हणजे १ लिटर. ५० चौरस मीटर छप्पर, वर्षाला ७०० मिलिमीटर पाऊस, त्यातलं ८० टक्के हाती आलं तर २८,००० लिटर. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून लातूरला आलेल्या पहिल्या पाण्याच्या रेल्वेत ५ लाख लिटर पाणी होतं. अशी किती छपरं मिळून ती रेल्वे भरेल, हे मुलांना काढायला द्या.

गृहपाठ म्हणून मुलांनी आपल्या किंवा शेजारच्या जुन्या घराची नोंद करून आणावी. दाराच्या चौकटीशी मोजलेली भिंतीची जाडी. खांब आहेत का, किती खण. आरपार दगड दिसतो का. भेगा सरळ आहेत की तिरक्या, आणि दर महिन्याला भेगेच्या टोकाशी पेन्सिलची खूण व तारीख, म्हणजे ती वाढते का ते कळेल. शेवटी घरातल्या मोठ्यांना एक प्रश्न: माळवदावर शेवटची माती कधी टाकली? थराची जाडी सवण्याच्या कडेला पट्टी लावून मोजता येते, पण ते काम पालकांनी करावं. मुलांना वर चढू देऊ नका.